आधी कन्नडमध्ये सांगितलं

बेळगावच्या वडगावात आमच्या घराच्या मागच्या खोलीत चार पॉवरलूम आहेत. ते चालू असले की गच्चीवर बोललेलं खाली ऐकू येत नाही. लहानपणापासून हे माहीत होतं, पण त्याचा उपयोग पहिल्यांदा झाला तो ३ डिसेंबर २०२३ ला, रविवारी दुपारी.

मला एक मुलगी आवडते, हे कुणाला तरी सांगायच्या त्या दुपारपर्यंत पोचायला मला दीड वर्ष लागलं. ते क्रमाने लिहून ठेवते. मी शोधत होते तेव्हा जे वाचायला मिळालं ते एकतर परदेशातल्या मुलींचं होतं, नाहीतर मुंबई-पुण्यातल्या. त्यांना स्वतःची खोली होती, स्वतःचा फोन होता. बेळगावातल्या मराठी घरातल्या, दादाच्या जुन्या फोनवर अकाउंटन्सीचे व्हिडिओ बघणाऱ्या, आईबरोबर एकाच गादीवर झोपणाऱ्या मुलीने काय करायचं, ते कुणी लिहिलेलं सापडलं नाही.

आधी एक सांगते. इथे मी 'गेले, आले' लिहितेय, घरात मात्र 'गेलो, आलो' म्हणते. आमच्याकडे बायका असंच बोलतात. पुण्याची आतेबहीण सुट्टीला आली की "तू मुलगा आहेस का गं?" म्हणून हसायची. एरवी मीही हसत असे. पण त्या वर्षी तिच्या त्या वाक्याने माझी झोप उडाली. आपलं हे जे काही होतंय ते या बोलण्यामुळेच तर नसेल, असा हिशेब मी सतराव्या वर्षी खरोखर मांडला होता. शेवटी आजीकडे बघून तो सोडून दिला. सहा मुलांची आई, आणि रोज रात्री म्हणते, "मी जेवलो गे, आता पडतो."

दहावी मराठी माध्यमातून झाली. जून २०२२ मध्ये पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, कॉमर्स घेतलं, तिथे सगळं इंग्रजीत. पहिल्या आठवड्यात मला डेबिट-क्रेडिटपेक्षा वर्गात काय हसताहेत ते कळत नाही याचा त्रास जास्त होता. शाळेत कन्नड सक्तीचं होतं, वाचता-लिहिता येत होतं, पण बोलताना जीभ अडायची. शेजारी बसली ती बैलहोंगलकडची, मामाकडे राहून शिकणारी. तिचं नाव मी लिहिणार नाही. कन्नडमध्ये मैत्रिणीला गेळती म्हणतात, इथे ती गेळतीच.

मी तिला अकाउंटन्सी समजावायची, ती मला कन्नड. तिचं कन्नड पुस्तकातलं नव्हतं. दुपारच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी ती विचारायची, "ऊट आतेन?" जेवलीस का? डबा समोर बंद असताना हे काय विचारणं, असं मी म्हटलं तर म्हणाली, आमच्याकडे हे विचारण्यासाठीच असतं, उत्तरासाठी नाही. सुट्टीच्या दिवशीही तिचा तेवढाच मेसेज यायचा. मी तो वाचायची, दादाच्या फोनवरून पुसायची, आणि मग दिवसभर पाठ म्हणायची.

मैत्रीच होती ती. घट्ट मैत्री मी आधीही केली होती, त्यामुळे मला वेगळं काही वाटलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये ती मामेबहिणीच्या लग्नाला गेली आणि नऊ दिवस आली नाही. सातव्या दिवशी आई म्हणाली, "कुणाशी भांडलीस काय गे?" मी कुणाशीच भांडले नव्हते. नऊ दिवस मी बाकावर तिच्या जागी दप्तर ठेवून बसत होते, दुसरं कुणी बसू नये म्हणून. परत आल्यावर तिने लग्नातल्या एका मुलाबद्दल सांगितलं. नंबर मागितला म्हणे. ती हसत सांगत होती, मीही हसले, आणि घरी येऊन ताप आल्याचं खोटं सांगून पडून राहिले. त्या रात्री छताकडे बघत मी स्वतःलाच विचारलं, तुला त्या मुलाचा राग का आला? उत्तर आलं ते ऐकून मी कूस बदलली.

त्यानंतरचे चार-पाच महिने मी फोनवर शोधण्यात घालवले. 'तुम्ही तशा आहात का, दहा प्रश्नांत ओळखा' असल्या चाचण्या मी निदान वीस वेळा दिल्या असतील. उत्तर दर वेळी वेगळं यायचं, कारण मी दर वेळी वेगळी उत्तरं द्यायची. त्या चाचण्यांत वेळ घालवू नका. आणि घरात सगळ्यांचा मिळून फोन असेल तर नुसता इतिहास पुसून भागत नाही. पुढच्या वेळी दादाने व्हिडिओ उघडला की बाजूला तसलेच व्हिडिओ सुचवले जातात. एकदा तसं झालं. दादा म्हणाला, "काय बी दाखवतंय हे," आणि पुढे सरकवलं. माझे पाय मात्र पाच मिनिटं हलले नाहीत.

११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली. आधार कार्ड दाखवायचं, शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचं. आईने आयुष्यात पहिल्यांदा 'कुठं जायचं' हा प्रश्न पैशाशिवाय विचारला आणि स्वतःच उत्तर दिलं, सौंदत्ती. जुलैतल्या एका रविवारी आम्ही दोघी यल्लमाच्या डोंगरावर गेलो. अडीच तासांचा प्रवास, दीड तास उभ्याने, कारण सगळ्या जिल्ह्यातल्या बायकांना तेच सुचलं होतं.

डोंगरावर जोगाप्पा भेटले, यल्लमाच्या सेवेत बाईच्या वेशात राहणारे. डोक्यावर जग, म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली टोपली, हिरवं लुगडं, कपाळभर भंडारा. आईने पाया पडायला लावलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्तच वेळ ठेवला, असं मला वाटलं. मी घामाघूम झाले. यांना कळलं, आता आईला सांगणार. आमच्या भागात वेगळं असण्याचं मी बघितलेलं तेवढंच एक रूप होतं, आणि ते म्हणजे देवीने बोलावणं, घर सोडणं. उतरताना मी आईला विचारलं, देवी बायकांनाही अशी बोलावते काय? आई म्हणाली, "तिच्या मनावर हाय. तू कशाला विचारालीस?" मी म्हटलं, सहज.

दुसरी पीयूसी सुरू झाली. ऑक्टोबरात नवरात्रात गेळतीला पहाटेची दुर्गामाता दौड बघायची होती, तिने ती कधी बघितली नव्हती. साडेपाचला अंधारात आम्ही दोघी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या होतो. भगवे फेटे, रांगोळ्या, घोषणा. ती थंडीने माझ्या शालीत शिरली. तो मंगळवार होता, १७ ऑक्टोबर. त्याच दिवशी सुप्रीम कोर्टाचा समलिंगी विवाहाचा निकाल आला. पाच न्यायाधीशांनी लग्नाला मान्यता दिली नाही. संध्याकाळी आप्पा, माझे वडील, बातम्या बघत होते. ते ओरडले नाहीत, चिडले नाहीत. "बरं झालं" म्हणाले आणि चॅनेल बदललं. एवढंच. मी ताटात भात कालवत बसले. शालीला अजून तिच्या तेलाचा वास होता.

पुढे मला कळलं की त्या निकालाने ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल रद्द झालेला नाही. दोन सज्ञान माणसांचं असं नातं भारतात गुन्हा नाही, ते २०१८ लाच ठरलंय. पण त्या रात्री मला वाटलं होतं की मी टीव्हीवरच दोषी ठरले. हे माझ्यासारखं आणखी कुणाला वाटलं असेल म्हणून लिहितेय.

नोव्हेंबरच्या चाचणीत अकाउंटन्सीत १०० पैकी ३१ पडले. मी, जी दुसऱ्यांना शिकवत होते. जेवण तुटलं होतं, वजन उतरलं होतं. दिवाळी संपल्यावर, २२ नोव्हेंबरला, आई मला एका खाजगी डॉक्टरांकडे घेऊन गेली. फी ४०० रुपये. तपासताना आई बाहेर होती तेवढ्यात मी धीर करून म्हटलं, डॉक्टर, मला मुलगी आवडते असं वाटतं, त्याचा त्रास होतोय. त्यांनी मान वर न करता लिहिलं, 'हॉर्मोन'. म्हणाले, या वयात होतं असं, तपासून घेऊ, लग्नानंतर सगळं बसतं जागेवर. रक्ताच्या तपासण्यांचे १,८५० रुपये झाले, टॉनिकचे २६०. रिपोर्ट तीन दिवसांनी आला, सगळं नॉर्मल. आप्पांच्या मागावरची किती दिवसांची मजुरी ती. थायरॉईड, रक्त कमी असणं यासाठी तपासणी करून घेणं वेगळं. माणूस कुणावर जीव लावतो ते रक्तात दिसत नाही. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर दोन हजार वाचले असते. त्यांनी आईला काही सांगितलं नाही, एवढं मात्र खरं.

१४४१६ हा नंबर मी बऱ्याच महिन्यांपूर्वी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता, वर 'बस चौकशी' असं लिहून. टेलिमानस. केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, फुकट. त्या आधी तीनदा लावून तीनदा कट केला होता. रिंग वाजली की वाटायचं, आता काय म्हणू? 'समलिंगी' हा शब्द मला येत होता, पण तो बातम्यांतला शब्द. तोंडाने कधी म्हटलेला नव्हता. आमच्या गल्लीत त्यासाठी जे शब्द आहेत ते शिव्या आहेत, आणि तेही पुरुषांसाठीच. बाईला काय म्हणायचं यासाठी शिवीसुद्धा नाही.

३ डिसेंबरच्या त्या रविवारी दुपारी आजी झोपली, आई खाली सुताच्या कांड्या भरत होती, माग चालू होते. मी गच्चीवर टाकीच्या मागे बसले. भाषा निवडायला सांगतात. मी कन्नड निवडलं. का, ते मला त्या क्षणी माहीत नव्हतं. थोडा वेळ संगीत वाजलं, मग एक बाईंचा आवाज आला. नाव सांगायची सक्ती नाही म्हणाल्या. वय विचारलं, सतरा सांगितलं. आणि मग मी शाळेच्या पुस्तकातल्या व्याकरणाने, कर्ता-कर्म नीट जागेवर ठेवून म्हटलं, "ननगे ओब्ब हुडुगी इष्ट आगिद्दाळे." मला एक मुलगी आवडू लागली आहे.

मराठीत हे वाक्य म्हणायला गेले असते तर ते आईच्या, आजीच्या, शाळेतल्या बाईंच्या आवाजात माझ्यावरच उलटलं असतं. कन्नडमध्ये ते नुसतं वाक्य होतं. आमच्या घरात कन्नड म्हणजे दुकानावरच्या पाट्या, सरकारी अर्ज आणि बेळगाव महाराष्ट्रात आलं नाही म्हणून पाळला जाणारा १ नोव्हेंबरचा काळा दिवस. आप्पा दरवर्षी त्या दिवशी दंडाला काळी फीत बांधतात. त्यांच्या मुलीला आयुष्यातलं सगळ्यात खाजगी वाक्य त्या भाषेत सापडावं, हे त्यांना कसं सांगणार? आणि ती भाषा माझ्या तोंडात बसवली होती ती गेळतीनेच.

बाई दचकल्या नाहीत. "हं, हेळम्मा," म्हणाल्या, सांग. आधी झोप, जेवण, अभ्यास विचारलं. मग स्पष्ट विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? मी म्हटलं, नाही, नाहीसं व्हावंसं वाटतं. त्यावर त्या बराच वेळ बोलल्या, हे दोन्ही वेगळं कसं आणि दुसरं पहिल्याकडे कधी वळतं ते. ते विचार बळावले तर याच नंबरवर लगेच फोन कर, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी, आणि घरातल्या एका मोठ्या माणसाला जवळ बसव, कारण सांगितलं नाहीस तरी चालेल, असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं.

अकराव्या-बाराव्या मिनिटाला वीज गेली. चारही माग एकदम थांबले. इतकी शांतता झाली की खालच्या कांड्यांचा रहाटही ऐकू आला. मी गप्प. पलीकडून विचारलं, कुणी आलं का? तुला बोलायला सुरक्षित आहे का? नसेल तर नुसतं 'हूं' म्हण. मी 'हूं' म्हटलं. मग त्या विचारत राहिल्या आणि मी हूं-उहूं करत राहिले, वीज येईपर्यंत. एकूण २२ मिनिटं. मला कुठलाही शिक्का त्यांनी मारला नाही. हा आजार नाही, एवढं मात्र दोनदा सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० लाच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. प्रत्यक्ष कुणाशी बोलायचं असेल तर सरकारी दवाखान्यात किशोरवयीनांसाठी स्नेह क्लिनिक असतं, १० ते १९ वयासाठी, तिथे जा म्हणाल्या. फोन ठेवला आणि मला कडकडून भूक लागली. दुपारचा गार भात मी उभ्यानेच खाल्ला.

१२ डिसेंबरला, मंगळवारी, कॉलेज बुडवून सरकारी दवाखान्यात गेले. विधानसभेचं हिवाळी अधिवेशन बेळगावात चालू होतं. ते दिवस ज्यांना माहीत आहेत त्यांना सांगायला नको. सगळीकडे पोलीस, मोर्चे, बस कुठून कुठे वळवलेली. पाऊण तास चालत गेले. 'होररोगी विभाग' म्हणजे ओपीडी, कन्नड वाचता येत नसेल तर एवढं लक्षात ठेवा. केसपेपरला तेव्हा दहा रुपये होते, सुट्टे न्या. खिडकीवर नाव, वय, वडलांचं नाव, फोन नंबर विचारतात. फोन नंबर घालताना मी दोन मिनिटं अडले, कारण घरी फोन येईल ही भीती. कुणाचा आला नाही. 'काय होतंय' असं विचारलं तेव्हा मागे रांगेत वीस माणसं होती. मी म्हटलं, अभ्यासाचा ताण, कौन्सेलिंगला आलोय. तेवढं पुरतं. खिडकीवरच्या माणसाला खरं सांगायची गरज नाही.

दोन तास चाळीस मिनिटं थांबले. बाकावर शेजारी खानापूरकडच्या एक काकू होत्या, त्यांनी मला अर्धी चपाती दिली आणि माझं लग्न ठरलंय का विचारलं.

समुपदेशक मॅडमनी सुरुवातीलाच नियम सांगितले, ते मला आवडलं. इथे बोललेलं इथेच राहणार. जिवाला धोका असेल किंवा तुला कुणी त्रास देत असेल, तर मात्र मला पुढे सांगावं लागेल. तू अठराच्या आत आहेस, म्हणून गोळ्या द्यायची वेळ आली तर पालक लागतील. तुम्ही गेलात तर हे नियम आधी विचारून घ्या, बोलण्याआधी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात लैंगिक कलावरून भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्क लिहिलाय, माहिती गुप्त ठेवण्याचाही. डॉक्टरांचं 'लग्नानंतर बसतं' मी सांगितलं तेव्हा मॅडम जरा ताठ झाल्या. असं 'बदलण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच तसं सांगितलंय, म्हणाल्या.

सौंदत्तीचा प्रश्नही विचारून टाकला. त्या हसल्या नाहीत. आपण कोण आहोत आणि आपल्याला कोण आवडतं, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, जोगाप्पांचा प्रश्न पहिला, तुझा दुसरा, असं म्हणाल्या. पाच मिनिटांचं बोलणं. पाच महिने मी त्या हाताखाली घाम पुसत होते.

दुसऱ्या भेटीला, २ जानेवारीला, मी अडखळत होते तेव्हा मॅडम चक्क बेळगावी मराठीत म्हणाल्या, "मराठीत बोल की गे, मला येतंय." मी तोंड उघडलं. आवाजच फुटेना. मान हलवली आणि परत कन्नडमध्ये सुरू केलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला अजूनही बघायचंय काय लिहिलं ते.

तिसरी भेट ३० जानेवारीला. गेळतीला सांगू का, हा माझा एकच प्रश्न. मॅडमनी हो-नाही म्हटलं नाही, तीन गोष्टी कागदावर लिहायला लावल्या. ती नाही म्हणाली तर त्या रात्री मी कुणाजवळ असेन? तिने चारजणीत सांगितलं तर काय? आणि मला तिच्याकडून नक्की काय हवंय? तिसऱ्याचं उत्तर मला लिहिता येईना. परीक्षा १ मार्चपासून होती. परीक्षेआधी सांगायचं नाही, एवढं मी माझं मी ठरवलं, आणि तो निर्णय चांगला होता. १० एप्रिल २०२४ ला निकाल लागला. मला ८४ टक्के, तिला ७९. तिला अकाउंटन्सीत ९१, माझ्यापेक्षा चार जास्त. त्याचा अभिमान वाटला हे कबूल करते.

२० एप्रिलला, शनिवारी, आम्ही किल्ल्यात गेलो. कमल बसदीत दुपारी कुणी नसतं. १२०४ मध्ये बांधलेलं जैन देऊळ आहे, वर दगडाचं कमळ उलटं टांगल्यासारखं. आम्ही बाहेर पायरीवर शेंगा सोलत बसलो. मी म्हटलं, मला एक मुलगी आवडते. तिने डोळे मोठे केले, हसली, कोपराने ढोसलं. "यारु?" कोण?

"नीने."

तूच. कन्नडमध्ये दोन अक्षरं लागतात.

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तिने ती सोलली, दाणे मला दिले, टरफलं ओंजळीत धरून बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "ननग हंगिल्ल." माझं तसं नाही. रागाने नाही म्हणाली. टरफलं टाकायला जागा शोधत उठली. बसमध्ये दोन बायकांमध्ये एक जागा होती, तिथे ती बसली. मी उभी राहिले.

त्या रात्रीची सोय मी आधीच केली होती, म्हणजे आजीशेजारी झोपले. १४४१६ ला पुन्हा फोन केला, चार दिवसांनी. त्या वेळी दुसऱ्या कुणीतरी उचलला, सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, याचा थोडा वैताग आला. त्यावर उपाय म्हणजे एका कागदावर आपली गोष्ट पाच ओळींत लिहून ठेवायची आणि ती वाचून दाखवायची. मी तेव्हापासून तसंच करते.

एकोणीस दिवस तिचा मेसेज नाही. मी मोजत होते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ९ मे ला आमच्याकडची शिवजयंती होती, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी असते ती. गल्लीत ढोल-ताशा, पाळणा, सगळी पोरं पांढऱ्या कपड्यांत. त्या गोंधळात फोन थरथरला. "मार्क्स कार्ड बंदाव. ऊट आतेन?" मार्क्स कार्डं आलीत. जेवलीस का?

उत्तरासाठी नसतंच ते विचारणं. तरी मी उत्तर दिलं, "आत."

मार्क्स कार्ड आणायला आम्ही बरोबर गेलो. पहिले पंधरा दिवस अवघड होते. ती हात धरायची नाही, मीही बाजूला सरकून चालायची. एके दिवशी वैतागून म्हणाली, इतकं लांब चाललीस तर मला ओरडून बोलावं लागतंय. आता ती धारवाडला शिकते. तिच्यावरचं माझं ते जे होतं ते गेलं का? कमी झालंय. रविवारी अजून जरा होतं.

आईला सांगायचं मी ठरवलं नव्हतं. २५ ऑगस्टला, श्रावणातल्या रविवारी, आम्ही दोघी कांड्या भरत होतो. मला जूनमध्ये अठरा पूर्ण झाली होती आणि आजी कोल्हापूरकडच्या कुठल्याशा स्थळाबद्दल बोलली होती. आई म्हणाली, "बघायला काय जातंय." माझा रहाट थांबला. मी म्हटलं, "आई, मी एक सांगतो. रागावू नकोस." पुढे एकही शिकलेला शब्द आला नाही. ना बातम्यांतला, ना मॅडमचा. मी म्हटलं, "मला ती गेळती आवडायची. तसं." मराठीत पहिल्यांदा म्हटलं, आणि त्यातला एकच शब्द कामाचा होता, 'तसं'.

आईने कांडी पुरी भरली. दोरा तोडला. म्हणाली, "सौंदत्तीला विचारलीस ते ह्यासाठी?" मी हो म्हटलं. "आप्पास्नी आताच नको," म्हणाली. मग उठून आत गेली आणि तीन दिवस माझ्याशी फक्त जेवणाबद्दल बोलली. चौथ्या दिवशी विचारलं, त्या डॉक्टरने रक्त कशासाठी काढलं होतं? मी सांगितलं. तिने त्या डॉक्टरांबद्दल जे काढलं ते इथे लिहिता येणार नाही. आजीला तिने सांगितलं, पोरगी पदवी करणार, तोवर स्थळ आणायचं नाही. कारण विचारलं तर म्हणाली, "मी म्हणतो म्हणून."

मला वाटलं होतं एवढ्यावर थांबेल. ती म्हणाली, तुझ्या त्या मॅडम कुठं बसतात? गणपती यायच्या आत जाऊन येऊ.

३ सप्टेंबरला, मंगळवारी, आम्ही गेलो. मी खिडकीवर माझं नाव सांगितलं, दहा रुपये दिले. आईने मागून हात घालून आणखी दहाची नोट ठेवली. म्हणाली, "माझा पण केसपेपर कर." काय होतंय, असं खिडकीवरच्या माणसाने कन्नडमध्ये विचारलं. आईला कन्नड कळतं, बोलत नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मग मराठीतच सांगितलं, "झोप येईना झालीय."

मॅडमकडे ती एकटी आत गेली. मी बाहेर बाकावर पस्तीस मिनिटं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, भूक लागली. आम्ही बाहेर गाड्यावर दोन-दोन इडल्या खाल्ल्या. बसमध्ये कंडक्टरने शून्य रुपयांची दोन तिकिटं फाडून दिली. आईने ती नेहमीसारखी खिडकीबाहेर टाकली नाहीत. दोन्ही केसपेपर तिने पिशवीतून काढले, तिकिटं त्यांत घातली आणि सगळं घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवलं. पुढची तारीख १ ऑक्टोबरची दिली होती.